अडलेला शब्द

पाठांतर-स्पर्धेत शब्द अडला, की आम्ही आजवर गुण कापत आलो. अमेरिकेतील ग्रामीण ढंगाचे गायक ग्लेन कॅम्पबेल यांच्या ‘आदिओस’ या अखेरच्या ध्वनिमुद्रिकेची हकिगत कळली आणि त्या शिस्तीची आम्हांस लाज वाटली.

१९७५ साली ‘ऱ्हाइनस्टोन काउबॉय’ने गाजलेल्या या गायकास स्मृतिभ्रंशाने गाठल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. पुढे ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांना शब्द आठवेनात. जुने सहकारी कार्ल जॅक्सन एकेक ओळ सांगत. ते ती गात. सूर मात्र शाबूत होता. जून २०१७ मध्ये ध्वनिमुद्रिका निघाली. ऑगस्टमध्ये ते गेले.

परवा शाळेत एक मुलगी कवितेच्या मध्यावर थबकली. आम्ही हळूच शब्द सांगितला. तिने कविता पुरी केली. गुण कापण्यास लेखणी उचलली नाही.