पावती



तुमच्याही घरात एखादा असा खण असेल. विजेची जुनी बिले, मिक्सरचे माहितीपत्रक, न भरलेले वॉरंटी कार्ड, शाई उडत चाललेल्या पावत्या आणि कशाची ते कुणालाच न आठवणारी एक किल्ली, असा सारा ऐवज त्यात गोळा झालेला असतो. वस्तू बिघडेपर्यंत त्या खणाकडे कुणी फिरकत नाही. साताऱ्यातील माझ्या घरातही असा खण आहे. एका लॅपटॉपच्या निमित्ताने तो उघडावा लागला आणि त्यातून जो धडा मिळाला, तो तुमच्यापुढे मांडतो आहे. तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात, आणि धडाही भाषेचाच आहे.

माझी मुलगी सांगलीस शिकते आणि तेथेच वसतिगृहात राहते. तिच्यासाठी सांगलीतीलच एका दुकानातून आम्ही लॅपटॉप घेतला. किंमत ४६,५०० रुपये. माझ्या पत्नीने पोस्टात पाच वर्षे भरलेल्या आवर्ती ठेवीची मुदत त्याच महिन्यात संपली होती. ती रक्कम जवळजवळ सगळी तेथे गेली. दुकानदार अगत्याने बोलला. “काही झालं तरी आमच्याकडे या, आम्ही आहोत ना,” असे म्हणाला. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत दोन वाक्ये छापलेली होती : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘सर्व वाद सांगली न्यायकक्षेच्या अधीन’. ती मी त्या दिवशी वाचली नाहीत. कानांनी ऐकलेले वाक्य मी घरी आणले आणि छापलेली वाक्ये घडी घालून खणात टाकली.

आठव्या महिन्यात लॅपटॉपचा पडदा काळा पडला. प्रकल्प सादर करण्यास पंधरा दिवस उरले होते. दुकानदाराने मुलीला कंपनीच्या सेवा केंद्राकडे पाठविले. चार दिवसांनी केंद्राने तिला सांगितले, की आतल्या बोर्डाला पाणी लागले आहे. ही बाब वॉरंटीत बसत नाही. नवा बोर्ड बसवायचा तर १८,००० रुपये भरावे लागतील. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने मी कराडमार्गे सांगली गाठली.

दुकानातला मुलगा म्हणाला, “काका, आम्ही फक्त विकतो. वॉरंटी कंपनीची असते.” सेवा केंद्रातला मुलगा म्हणाला, “काका, बोर्डावर गंज आहे. पोरंच ती, चहा-पाणी सांडतात आणि घरी सांगत नाहीत.”

सांगलीत ‘पाणी’ हा शब्द हलका नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि घरेदारे, दुकाने पाण्याखाली गेली. ज्या गावाने एवढे पाणी पाहिले, तेथे यंत्रात पाणी गेले असे कुणी म्हटले, तर ऐकणाऱ्याला ते पटकन खरे वाटते. मलाही वाटले. पुरावा मागायचे मला सुचले नाही. उलट वसतिगृहाच्या फाटकापाशी मी मुलीलाच विचारले, “खरं सांग, पाणी सांडलं होतं का?” ती म्हणाली, “नाही, बाबा.” मी पुन्हा तेच विचारले. या वेळी तिने उत्तर दिले नाही. माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि ती आत निघून गेली.

परतीच्या एसटीत मी सेवा केंद्राने लॅपटॉप जमा करून घेताना दिलेला कागद काढला. खिडकीशी बसून तो प्रथमच नीट वाचला. ‘वस्तूची स्थिती’ या रकान्यात लिहिले होते : ‘बाह्य नुकसान नाही’. पाण्याचा उल्लेख त्या कागदावर कोठेही नव्हता. तपासणीचा अहवाल म्हणून आम्हांला काहीच दिलेले नव्हते. ‘पाणी’ हा शब्द केवळ तोंडी होता. म्हणजे माझ्यासमोर दोन तोंडी विधाने होती : एक अनोळखी माणसाचे, दुसरे माझ्या मुलीचे. मी अनोळखी माणसाचे खरे मानले, कारण ते काउंटरच्या पलीकडून आले होते. कराड येईपर्यंत मला दुसरे काही सुचले नाही.

मी शाळेत मराठी शिकवितो. गेली वीस वर्षे मुलांकडून तक्रारपत्रे लिहून घेत आलो आहे. पत्ता उजवीकडे, विषय मधोमध, शेवटी ‘आपला विश्वासू’. मांडणीला इतके गुण, भाषेला इतके. त्या रात्री मी स्वतःचे पहिले खरे तक्रारपत्र लिहिले. ते तीन पाने झाले. त्यात ‘लूट’ होती, ‘फसवणूक’ होती, ‘सामान्य माणसाचे रक्त शोषणे’ही होते. पत्नीने ते शांतपणे वाचले आणि विचारले, “यात तारीख कुठं आहे?” खरोखरच तीन पानांत एकही तारीख नव्हती. विद्यार्थ्याने असे पत्र लिहिले असते, तर मी त्याचे गुण कापले असते.

दुसरे पत्र एका पानाचे झाले. खरेदीची तारीख, बिल क्रमांक, बिघाडाची तारीख, लॅपटॉप जमा केल्याची तारीख, जमा करतानाच्या कागदावरील शब्द जसेच्या तसे. त्याखाली दोन मागण्या : पाणी लागल्याचा निष्कर्ष छायाचित्रांसह लेखी द्यावा; तो देता येत नसेल, तर वॉरंटीनुसार विनामूल्य दुरुस्ती करावी. त्यासाठी मुदत पंधरा दिवस. विशेषण एकही नाही. पत्राच्या तीन प्रती नोंदणीकृत टपालाने, पोचपावतीसह, दुकान, सेवा केंद्र आणि कंपनी यांना पाठविल्या.

या काळात मी कायदाही वाचला. तुमच्या उपयोगाचे तेवढेच सांगतो. ग्राहकाची बाजू संघटितपणे मांडण्याचे काम बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीच्या रूपाने सुरू केले. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर, १९८६ मध्ये झाला. त्या कायद्यान्वये तक्रार विक्रेत्याचा व्यवसाय जेथे असेल किंवा वादाचे कारण जेथे घडले असेल, तेथे करावी लागे. म्हणजे साताऱ्याच्या माणसाला सांगलीच्या फेऱ्या आल्याच. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला तो जेथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करण्याची मुभा दिली. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील असलाच पाहिजे, असे नाही. वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. दोष पाहून कळण्यासारखा नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो. सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे, ही या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरविली आहे. ‘एकदा विकलेला माल’ हे शब्द पुन्हा वाचताना म्हणूनच मला पूर्वीइतके भय वाटले नाही.

आता थोडे शब्दांविषयी. ‘तक्रार’ हा शब्द अरबीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे पुनरावृत्ती, पुन्हा पुन्हा करणे. ‘दाद मागणे’ यातील ‘दाद’ फारसी आहे. तिचा अर्थ न्याय. ‘पावती’ मात्र ‘पावणे’ या क्रियापदापासून झालेली : पोहोचणे, मिळणे. न्याय हवा असेल, तर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, न बदलता सांगावी लागते, आणि ती पोहोचल्याची खूण जपावी लागते. रागात सांगितलेली हकिकत दर वेळी थोडी बदलते. तारखांनिशी लिहिलेली बदलत नाही.

पंधरा दिवस उत्तर आले नाही. मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली आणि तेच एक पान पुन्हा पाठविले. आठवडाभरात कंपनीचा दूरध्वनी आला. छायाचित्रे कधीच आली नाहीत. बोर्ड बदलून मिळाला; दुरुस्तीच्या कागदावर रकमेच्या जागी शून्य होते. दिलगिरीचा शब्द नव्हता. लॅपटॉप आणायला गेलो, तेव्हा सेवा केंद्रातला तोच मुलगा हळूच म्हणाला, “काका, तुमचं पत्र होतं म्हणून मला वर पाठवता आलं.” त्याच्यावरचा माझा राग तेथे संपला. निर्णय त्याच्या हाती नव्हता. वर पाठविण्यासारखा कागद हाती असावा, एवढीच त्याचीही गरज होती.

सगळेच भरून निघाले, असे मात्र नाही. प्रकल्प मुलीने मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, ती झोपल्यानंतरच्या वेळात पूर्ण केला. आणि फाटकापाशी दुसऱ्यांदा विचारलेला प्रश्न कोणत्याही आयोगापुढे जाणार नव्हता. त्या वादात मीच विरुद्ध पक्ष होतो.

ती सुटीत घरी आली, तेव्हा मी म्हणालो, “त्या दिवशी माझं चुकलं.” ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तोंडी नको, बाबा. लेखी द्या.” ती हसत होती, तरी मी कागद घेतला. तारीख घातली, फाटकापाशी काय विचारले ते लिहिले, आणि तसे विचारायला नको होते, असेही लिहिले. विशेषण एकही नाही. तिने ते वाचले, खाली ‘मिळाले’ असे लिहून सही केली आणि कागद माझ्याकडे परत दिला. तो आता त्याच खणात, लॅपटॉपच्या बिलाजवळ आहे.