उन्हाची शिदोरी

नागपुराहून पूर्वेस साठ-बासष्ट किलोमीटर गेलें म्हणजे भंडारा लागतें, आणि शहर मागें टाकलें कीं कारध्याच्या पुलाखालून वाहणारी वैनगंगा दृष्टीस पडते. पितळेच्या भांड्यांकरितां हें शहर फार दिवसांपासून नांवाजलेलें आहे. भोवतालचा मुलूख मात्र सारा धानाचा व तळ्यांचा. पुण्यामुंबईकडील मंडळी इकडे क्वचित् येतात, आणि आलीच तर नागझिऱ्याच्या अरण्यांत वाघाची वाट पाहून परततात. वाघ आम्हांसही आवडतो. परंतु या जिल्ह्यांत पाहण्यासारखें त्याहून बरेंच कांहीं आहे, व तें सावकाश हिंडल्यावांचून दिसत नाहीं, असें आमचें मत आहे. म्हणून गेल्या आश्विनांत आम्ही येथें आठ दिवस हिंडलों. मुक्काम कधीं आप्तांच्या घरीं, कधीं तळ्याच्या पाळीवर, कधीं रानाच्या कडेला. अंथरूण-पांघरूण, चहाचें साहित्य व एक लहानशी पेटी एवढेंच सामान बरोबर होतें. त्या पेटीविषयीं ठिकठिकाणीं इतकी विचारपूस झाली, कीं प्रवासाच्या हकीकतीबरोबर तिचीही हकीकत देणें आम्हांस योग्य वाटतें.

पेटी उन्हापासून वीज घेऊन ती सांठवून ठेवण्याची होती. असल्या तयार पेट्या बाजारांत मिळतात. पण त्या मोहोरबंद असतात, बिघडल्या तर टाकून देण्यापलीकडे इलाज नसतो, आणि आंत काय आहे हें घेणाऱ्यास कधींच कळत नाहीं. स्वयंपाकघरांतील डबा जसा आपण उघडून पाहतों, तशी ही पेटीही उघडून पाहतां यावी, म्हणून आम्हीं ती घरींच जुळविली. वस्तु फार लागल्या नाहींत. वीस वॉटचा एक सौर पत्रा, साधारण दीड फूट लांब व सव्वा फूट रुंद. लिथियमचे चार घट, प्रत्येकीं ३.२ व्होल्टचे, एकापुढें एक जोडलेले, म्हणजे एकूण १२.८ व्होल्ट, त्यांची धारणशक्ति सहा अँपिअर-तास. पत्रा व घट यांच्यामध्यें एक नियंत्रक, घटांना लागून त्यांचें रक्षण करणारी एक बोटभर पाटी, तारेवर एक फ्यूज, आणि मोबाईल भरण्याकरितां पांच व्होल्टचें एक तोंड. पत्र्याखेरीज हें सारें घरांतील एका जुन्या फणेरपेटींत बसलें. आरशाच्या जागीं नियंत्रक आला, याचें घरांतील वडील मंडळींस थोडें वाईट वाटलें. पण पेटी पुन्हां उपयोगांत आली याचें समाधानही वाटलें.

लिथियमचें नांव काढलें कीं पुष्कळजण दचकतात. मोबाईल किंवा गाडी पेटल्याच्या बातम्या त्यांनीं वाचलेल्या असतात. परंतु लिथियमच्या घटांतही जातकुळी आहेत. १९९१ सालीं सोनी कंपनीनें जे घट प्रथम विक्रीस आणले त्यांत कोबाल्ट होतें. आमच्या पेटींतील घट लोह-फॉस्फेटाचे. हा पदार्थ घटासाठीं उपयोगीं पडतो असें टेक्सास विद्यापीठांतील जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं दाखविलें. (याच गुडइनफ यांस २०१९ सालीं, वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षीं, आणखी दोघांसमवेत रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.) हा घट तापला तरी सहसा पेट घेत नाहीं, दोनएक हजार वेळां भरतां-रितवतां येतो, आणि चार घटांचें वजन मिळून पाऊण किलोच्या आंत राहतें, तेवढ्याच धारणशक्तीचा शिशाचा घट दोन किलोंहून जड असतो. मात्र दोन गोष्टी घरीं जुळविणारानें विसरूं नयेत. घटाच्या तोंडावर थेट झाळकाम करूं नये, त्या उष्णतेनें घट आंतून बिघडतो. पट्ट्या जोडून तयार मिळतात त्याच घ्याव्या. दुसरें, बाजारांतील बरेचसे नियंत्रक शिशाच्या घटाकरितां लावलेले येतात. लिथियमची मर्यादा, म्हणजे चार घटांस मिळून १४.६ व्होल्टहून अधिक नाहीं, ही लावून घ्यावी. प्रथम घट जोडावा, नंतर पत्रा. सोडवितांना उलट क्रम.

एवढी सामग्री किती पुरेल, हा खरा प्रश्न. त्याचें उत्तर आम्हांस तळ्यांच्या पाळीवर बसून जितकें स्वच्छ दिसलें तितकें कोणत्याही पुस्तकांत दिसलें नव्हतें. या भागांतील जुनीं तळीं बहुतेक कोहळी लोकांनीं बांधलेलीं. गोंड राजांच्या काळापासून त्यांचें हें काम चालत आलें. पुढें तीं मालगुजारांच्या ताब्यांत गेलीं, १९५१ सालीं मालगुजारी संपली तेव्हां सरकारकडे आलीं, आणि ‘माजी मालगुजारी’ या नांवाचा संक्षेप होऊन लोक आतां त्यांस ‘मामा तलाव’ म्हणतात. सरकारी कागदाला असें मायेचें नांव पडल्याचें दुसरें उदाहरण आमच्या ऐकिवांत नाहीं. तर अशा तळ्याला पाणलोट लागतो, पाळ लागते, पाणी सोडण्यास मोरी लागते, व जास्तीचें पाणी पाळ न फोडतां निघून जाण्यास सांडवा लागतो. पाणलोटाच्या मानानें तळें मोठें केलें तर तें कधीं भरत नाहीं; लहान केलें तर पाऊस सांडव्यावरून निघून जातो. आमच्या पेटींत पत्रा हाच पाणलोट, घट हें तळें, नियंत्रक हा सांडवा. आणि तळाशीं थोडें पाणी उरलें कीं मोरी बंद करणारा जो राखणदार, ती बोटभर पाटी.

आतां हिशेब. घटांत मावते ती वीज सुमारें ७७ वॉट-तास. आश्विनांत आभाळ निवळलेलें असतें. दिवसभरांतील कोंवळें-कडक ऊन मिळून पूर्ण तीव्रतेचे पांच तास धरले, तर वीस वॉटच्या पत्र्यानें १०० वॉट-तास द्यावे. पण साधा नियंत्रक पत्र्याचा सतरा-अठरा व्होल्टचा दाब घटाच्या तेरा व्होल्टांवर ओढून आणतो, त्यांत चतुर्थांश गेला. धूळ, उष्णता व तारा यांनीं आणखी थोडा खाल्ला. हातीं साठ-पासष्ट राहिले. उलट बाजूस, दोन मोबाईल रोज पूर्ण भरण्यास चाळीस, व तीन वॉटचा दिवा पांच तास जाळण्यास पंधरा. जमाखर्च जेमतेम जुळला, व तसा तो आठही दिवस जुळला. पत्रा दक्षिणेकडे तोंड करून जमिनीशीं साधारण वीस अंशांचा कोन करून ठेवीत असूं, कारण भंडारा एकवीस अक्षांशांवर आहे. सावलीस फार जपावें लागलें. पत्र्यांत छत्तीस घरें एकाच माळेंत ओंवलेलीं असतात. मोहाच्या एका फांदीची सावली एखाद्या घरावर पडली तरी साऱ्या माळेचा प्रवाह खुंटतो. पेटी मात्र नेहमीं सावलींत. वैशाखांत येथें पारा पंचेचाळीसवर जातो. तेव्हां पत्रा सत्तर अंशांपर्यंत तापतो व जवळजवळ पंचमांश वीज त्या तापण्यांतच जाते, हें उन्हाळ्यांत येणारांनीं हिशेबांत धरावें.

चवथ्या दिवशीं आम्ही तुमसराच्या पुढें उत्तरेस गेलों. तुमसर रोड स्टेशनावरून तिरोडीकडे रेल्वेचा एक फांटा जातो, त्यावर गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग हीं गांवें, जवळच चिखला. हा सारा पट्टा मँगनीजचा. १८९६ सालीं विलायती भांडवलानें निघालेल्या एका मंडळानें मध्यप्रांतांत या धातूच्या खाणींचें काम सुरू केलें. १९६२ पासून त्यांत सरकारचा भाग आला, व आज ‘मॉईल’ या नांवानें नागपुरांतून हा कारभार चालतो. चिखल्याची खाण जमिनीखालीं उतरलेली आहे, डोंगरीची उघडी. डोंगरीच्या मातीचें विशेष असें, कीं तींत मँगनीज डायऑक्साइड असून तें विजेरीच्या कोरड्या सेलांस लागतें. ज्यांनीं लहानपणीं जुने सेल फोडून हात काळे करून घेतले असतील त्यांस ती काळी भुकटी आठवेल. लेक्लांशे या फ्रेंच गृहस्थानें १८६६ सालीं योजिलेल्या घटांत जस्त वीज देतें व ही भुकटी ती स्वीकारते; भुकटी थकली कीं सेल संपला, तो पुन्हां भरत नाहीं. कित्येक वर्षें घराघरांतल्या उशाशीं असलेल्या विजेऱ्यांत भंडाऱ्याची माती होती, याची आम्हांस दाद नव्हती.

आमच्या पेटींत ती माती नाहीं. घट चीनमधून आलेले. साकोली-लाखनीकडे मुंडीपार येथें २०१३ सालीं भेल या सरकारी कंपनीच्या कारखान्याची कोनशिला बसली, आणि या जिल्ह्यांत सौर पत्रेही घडतील असें त्या सुमारास जाहीर झालें होतें. आमचा पत्रा मात्र परप्रांतांतून आला. कच्चा माल येथला व पक्का माल परका, ही गोष्ट पितळेच्या शहराजवळ उभें राहून अधिकच बोंचते.

परत भंडाऱ्यास येऊन आम्ही कोक्याच्या बाजूस गेलों. २०१३ पासून हें अभयारण्य आहे. कडेच्या गांवांतून वीज आहे, परंतु धानाच्या बांध्या गांवापासून दूर, अरण्यास लागून. धान भरूं लागलें कीं रानडुकरें येतात, म्हणून रात्रीं माळ्यावर जागल करावी लागते. बिबट्या व वाघही याच वाटेनें फिरतात. एका माळ्यावर आम्ही सायंकाळीं गेलों. पन्नाशीचा शेतकरी, हातांत बाजारी भरतीची विजेरी. ती नवी होती तेव्हां बांधीच्या टोंकापर्यंत उजेड जात असे. आतां निम्म्यावर मावळतो, आणि मध्यरात्रीनंतर मुळींच लागत नाहीं. त्यानें पेटी उघडून पाहिली व विचारलें, “पावसात चालते का जी हे?”

ढगाळ दिवशीं पत्रा चवथ्या-पांचव्या हिश्श्यावर येतो, हें आम्हीं सांगितलें. भरलेली पेटी तीन वॉटचा दिवा दोन रात्री जाळील, हेंही सांगितलें. किंमत विचारल्यावर चार हजारांच्या आंतबाहेर म्हणून सांगतांच तो गप्प झाला. मग म्हणाला, “डुकरं एक रात शिरले का बांधी साफ.” आमच्या दिव्याविषयीं त्याचें मत चांगलें पडलें नाहीं. तो वाचण्याचा दिवा. त्याला रात्रभर उजेड नको होता, हांकाटी ऐकूं येतांच दूरवर फेंकतां येईल असा झोत हवा होता.

तेव्हां माळ्यावर बसून नव्यानें हिशेब केला. दहा वॉटचा झोत, तासांतून फार तर दहा मिनिटें, दहा तासांची रात्र: सतरा वॉट-तास. त्याचा बटणांचा मोबाईल भरण्यास चार-पांच. म्हणजे आमच्या निम्म्यानें काम भागत होतें. दहा वॉटचा पत्रा, तीन अँपिअर-तासांचे घट, व किंमतही निम्म्याच्या जवळपास. पत्रा माळ्यावर ठेवूं नये, घराच्या कौलांवर बांधावा, आणि पेटी तेवढी सांजवेळीं बरोबर आणावी, ही दुरुस्ती त्याची; चोरीची भीति त्यानें आमच्याआधीं ओळखली होती. आमच्या भाच्यानें वहीच्या पानावर जिनसांची यादी उतरून दिली. आणखी खर्च कमी करावा म्हणून मोबाईल भरण्याचें तोंड गाळूं लागलों, तर तें मात्र त्यानें खोडूं दिलें नाहीं. रात्रीं घरून दोनदां फोन येतो, म्हणाला.