अभयदानाचा पहिला पंधरवडा

लेस्टर शहरातील ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचे जिनमंदिर ही पूर्वी चर्चची वास्तू होती. १९८८ मध्ये तेथे प्रतिष्ठा झाली. बाहेरचा दर्शनी भाग शुभ्र संगमरवराचा, आत भारतातून गेलेल्या कारागिरीचे कोरीव खांब. एका एप्रिलअखेरीस लेकीकडे गेले असता पहिल्याच रविवारी तेथे दर्शनाचा योग आला. परतीच्या वाटेवर लेक म्हणाली, "आई, उद्या आपल्याकडे सहा पाहुण्या यायच्या आहेत. त्यांची सोय तुलाही पाहावी लागेल."

तिचे घर शहरापासून अर्ध्या तासावर, एका लहानशा खेड्यात आहे. लाल विटांची घरे, हॉथॉर्नच्या काटेरी कुंपणांनी आखलेली कुरणे आणि त्यांत आईमागे धावणारी मेंढ्यांची पिल्ले. शतकांपूर्वीच्या नांगरटीच्या लाटा त्या कुरणांवर अजून दिसतात. अशा शांत गावात दुसऱ्या दिवशी जावईबापूंनी गाडीतून पुठ्ठ्याची खोकी उतरवली. आत होत्या पिंजऱ्यातून सोडवलेल्या सहा कोंबड्या.

अंड्यांच्या व्यवसायातील कोंबडी वर्षाला सुमारे तीनशे अंडी देते. साधारण बहात्तर आठवड्यांची झाली, उत्पन्न घटू लागले, की तिची रवानगी कत्तलखान्यात होते. युरोपातील जुन्या पिंजऱ्यांत एका कोंबडीच्या वाट्याला अवघी ५५० चौरस सेंटिमीटर जागा येई, म्हणजे टंकलेखनाच्या एका कागदाहूनही कमी. ते पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. त्यांच्या जागी दांडी व आडोसा असलेले पिंजरे आले. जागा थोडी वाढली, पण पिंजरा राहिलाच. डेव्हन परगण्यात जेन हॉवर्थ यांनी २००५ साली उभ्या केलेल्या संस्थेसारख्या काही संस्था अशा कोंबड्या शेतकऱ्यांकडून मिळवून घरोघरी देतात.

खोके उघडताच त्या आनंदाने धावत सुटतील, अशी माझी कल्पना होती. तसे काहीच घडले नाही. सहाही जणी हिरवळीवर एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. मानेवर व पाठीवर पिसे नव्हती. तुरे फिकट पडून डोळ्यांवर लोंबत होते. नखे लांब वाढलेली, चोचींची टोके कापलेली. जन्मात प्रथमच पायाखाली गवत आले होते आणि त्याचे काय करावे, हे त्यांना उमगत नव्हते.

त्यानंतरचे दिवस म्हणजे नुसती शिकवणी होती. आखूड चोचीला अख्खे दाणे नीट टिपता येत नाहीत, म्हणून बारीक भरडा. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात. दुबळ्या कोंबडीला इतर जणी टोचून हुसकावतात, म्हणून दाणापाण्याची भांडी दोन ठिकाणी. हाडे ठिसूळ असतात, उंचावरून उडी मारताना पाय मोडू नये, म्हणून खुराड्यातील दांडी अगदी जमिनीलगत.

पहिल्या सकाळी सवयीप्रमाणे रात्रीची उरलेली पोळी घेऊन मी अंगणात निघाले. आमच्याकडे शिळी पोळी गाईला किंवा कावळ्याला जायचीच. जावईबापूंनी नम्रपणे अडवले. "आई, येथे कायदा आहे. स्वयंपाकघरातले काहीही कोंबड्यांना घालता येत नाही. फक्त वीगन घराला ती मुभा आहे." आपले घर शुद्ध शाकाहारी, या माझ्या समाधानाला तेथे दूध-तुपाने अडवले! मग वाफ्यातला कोबीचा पाला खुडून परस्पर त्यांच्यापुढे टाकू लागले.

दिवस असताना भोजन उरकण्याचा आमचा नेम. तिकडे त्या दिवसांत सूर्य आठ वाजून गेल्यावर मावळतो. जेवण आटोपून आम्ही बाहेर जात असू. अंधार पडला, की खुराड्यात जावे, हेही त्या कोंबड्यांना ठाऊक नव्हते. त्या कोपऱ्यात ढीग करून बसत. खोकडाचे भय असल्याने एकेकीला उचलून आत पेंढ्यावर ठेवावे लागे. हातांत त्यांचे हृदय धडधडत असे.

अंड्यांचा प्रश्न मला सतावत होता. पिंजरा सुटला, तरी अंडी घालणे थांबले नव्हते. आमच्या घरात ती येत नाहीत. खुराडे बांधून देणारे शेजारी ती नेत. "आपल्याच दारातून अंडी जातात, हे कसे?" मी विचारले. लेक थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आई, याचे उत्तर मलाही सापडलेले नाही. अंडी थांबली तरी या येथेच राहतील, एवढेच मला ठरवता आले."

नवव्या दिवशी एक कोंबडी गेली. पशुवैद्यांनी अंडाशयाचा विकार सांगितला. अति अंडी घालणाऱ्या जातींत तो नेहमीचा. सफरचंदाच्या झाडाखाली तिला मातीआड करताना नातवाने णमोकार मंत्र म्हटला.

बाराव्या दिवशी दुपारी ऊन पडले होते. कोरड्या वाफ्यात एक कोंबडी कलंडली आणि पंखांनी माती अंगावर उडवू लागली. ते धूळस्नान तिला कोणी शिकवले नव्हते. पाहता पाहता दुसरी आली, मग तिसरी. त्या संध्याकाळी एक जण आपल्या पायांनी खुराड्यात शिरली.

अभयदान हे सर्व दानांत श्रेष्ठ, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पिंजऱ्याचे दार उघडले, की ते दान पूर्ण झाले, असे मी समजत होते. प्रत्यक्षात दार उघडले तेव्हा भय जसेच्या तसे होते. ते रोज संध्याकाळी थोडे थोडे काढावे लागले.

आता सांगलीकडे जाताना रस्त्याकडेच्या पोल्ट्रीच्या लांबलचक शेड दिसतात, तेव्हा नजर वळवता येत नाही. परवा लेकीचा फोन आला. "जय जिनेंद्र, आई," म्हणाली, "तुरे लाल झालेत. आणि काल पाचही जणी आपणहून आत गेल्या."