भैंशाचे आठ पैसे

बीदरकडून निघाले की औराद, देगलूर मागे पडते, बिलोलीच्या बाजूने गोदावरी ओलांडून आपण धर्माबादला येतो आणि तिथून बासर अगदी जवळ. बासरच्या सरस्वतीसमोर लेकरांना पहिले अक्षर गिरवायला लावण्यासाठी आपल्या भालकी-उदगीरकडची कितीतरी कुटुंबे जाऊन आलेली असतील. बहुतेक जण पाटी गिरवून, गोदावरीत पाय भिजवून तिथूनच माघारी फिरतात. पण मुधोळवरून आणखी पुढे गेले की भैंसा लागते. (हे मुधोळ म्हणजे आपल्या बागलकोटचे, शिकारी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेले मुधोळ नव्हे.) कल्याणहून नांदेड-भोकरमार्गे निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्गही याच गावातून जातो.

काळी जमीन आणि कापूस ही गावाची पहिली ओळख. हंगामात जिनिंगच्या वाटेवर कापसाने फुगलेल्या गाड्या उभ्या असतात आणि रस्त्याकडेच्या बाभळींना पांढरे पुंजके लटकलेले दिसतात. गावाजवळ गड्डेन्नवागू धरण आहे. तेलुगूत वागू म्हणजे ओढा. बाजारात कानावर पडणारी भाषा मात्र कोणत्याही एका खात्यात घालता येत नाही. भाव तेलुगूत विचारायचा, घासाघीस दखनीत करायची आणि "घ्या की मग!" हे मराठीत म्हणायचे, असा सगळा मामला. आपल्याकडे कन्नड-मराठीचे जे होते तेच इथे तीन भाषांचे. त्यामुळे आपल्यासारख्या माणसाला या गावात परके वाटत नाही.

वर्तमानपत्रांत भैंशाचे नाव येते ते बहुधा दंगलींच्या निमित्ताने. २००८, २०२०, २०२१ ही साले गावातली माणसे आवाज खाली आणून सांगतात. मला मात्र इथे एका वेगळ्याच गोष्टीने गुंतवून ठेवले. ती म्हणजे नगरपालिकेची घरपट्टीची पावती. पण तिच्याकडे येण्याआधी थोडा इतिहास सांगितला पाहिजे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात आपला सगळ्यांचा हिशोब एकाच पानावर मांडला गेला. बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा, उदगीर मुंबई राज्याला गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरला. जहिराबाद-नारायणखेडचा भाग आंध्रला. त्याच कायद्यात नांदेड जिल्हा मुंबई राज्याला देताना कंसात एक अपवाद नोंदवला आहे. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे वगळून. एवढ्या एका कंसाने भैंसा नांदेडचे सुटले आणि आदिलाबादचे झाले. उलट आदिलाबादचे किनवट आणि राजुरा इकडे आले. पुढे २०१४ साली तेलंगणा राज्य झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी आदिलाबादचे तुकडे होऊन भैंसा निर्मल जिल्ह्यात गेले. जुनी माणसे अजून 'आदिलाबाद जिल्हा' म्हणतात, तसे आपल्याकडचे म्हातारे अजून 'निजामाचे राज्य' म्हणतात.

माझ्या मावसबहिणीचे सासर भैंशात आहे. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, आडतीवर कामाला होते, आता घरीच असतात. त्यांची नात तेलुगू झरझर वाचते, इंग्रजीही वाचते. घरात मराठी बोलते, ती अगदी गोदाकाठची, ठसक्याची. पण मराठी वाचायला दिले की एकेक अक्षर चाचपडते. "हिच्या आज्जीची पोथी उद्या कोण वाचणार, प्राध्यापक?" दाजींनी मला विचारले. मी मास्तरकी करीत एखादे पुस्तक पाठवून देण्याचे कबूल केले. त्यावर दाजींनी कपाटातून घरपट्टीची पावती काढली आणि तिच्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवले. ग्रंथालय उपकर.

"पुस्तकाचे पैसे तर आम्ही दरसाल भरतो," ते म्हणाले. "पुस्तक तेवढे मिळायचे राहिले."

ही ओळ आली कुठून? आंध्र प्रदेशाने १९६० साली सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला, तोच तेलंगणाने पुढे चालू ठेवला. घरपट्टीच्या प्रत्येक रुपयामागे आठ पैसे ग्रंथालयासाठी. नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी ते गोळा करायचे आणि जिल्हा ग्रंथालय संस्थेकडे भरायचे. कर्नाटकात १९६५ च्या कायद्याने हाच उपकर सहा पैसे आहे, म्हणजे आपणही तो भरतोच. महाराष्ट्राने १९६७ साली कायदा केला खरा, पण उपकर लावला नाही. सरकार लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांना वर्ग ठरवून अनुदान देते. आणि गंमत अशी, की स्वतंत्र भारताच्याही आधी, १९४५ साली, देशातला पहिला ग्रंथालय कायदा झाला तो कोल्हापूर संस्थानात! मराठी मुलखातच झालेली सुरुवात.

तिन्ही पद्धतींत गुणदोष आहेत. महाराष्ट्रात वाचनालय गावाचे असते, पण अनुदानाच्या हप्त्याची वाट पाहत ग्रंथपाल म्हातारा होतो. उपकराच्या राज्यांत पैसा ठरलेला असतो, पण तो गोळा करणारी नगरपालिका आणि तो खर्च करणारी संस्था वेगळी. हैदराबादच्या महानगरपालिकेकडे या उपकराची मोठी थकबाकी असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत असतात. भैंशासारख्या गावात त्याहून वेगळी अडचण आहे. नगरपालिका आठ पैसे घेते, पण त्यांचे पुस्तक कोणते यावे, हे ती ठरवू शकत नाही. ती मागू शकते. आणि नगरपालिकेचे मागणे म्हणजे ठराव.

ठराव हा शब्द आपल्या सीमाभागात उच्चारला की कान टवकारतात. बेळगाव महानगरपालिकेने २००५ साली महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बंगळुरात काळे फासले गेले आणि कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. डिसेंबर २०२२ मध्ये तर दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी एकमेकांविरुद्ध ठराव केले. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याला वीस वर्षे उलटून गेली. त्या प्रश्नाबद्दल ज्याचे त्याचे मत असेल, आणि आपल्या एकेका घरात दोन-दोन मते असतात हेही मला ठाऊक आहे. मला इथे एवढेच दिसते, की शहराचे सभागृह कायदा करू शकत नाही आणि सीमाही हलवू शकत नाही. पण आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदवून वर पाठवणे, हे त्याच्या हातात नेहमी असते. बेळगावच्या ठरावाची एवढी धास्ती घेतली गेली, ती त्या नोंदीला वजन असते म्हणूनच ना?

हेच वजन लहान मागणीमागे लावले तर? भैंशाच्या नगरपालिकेत २०२० च्या निवडणुकीत २६ प्रभाग होते. त्यातल्या कुणी एकाने विषयपत्रिकेवर विषय घालायचा, की उपकरातून येणाऱ्या पुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत मराठीचा ठराविक वाटा असावा. सभेत मंजूर झाला की तो जिल्हा ग्रंथालय संस्थेला, जिल्हाधिकाऱ्यांना आणि हैदराबादच्या नगरप्रशासन संचालकांना पाठवायचा. शिवाय तेलंगणात स्थानिक आमदार नगरपालिकेचा पदसिद्ध सदस्य असतो. कर्नाटकातही तसेच आहे, महाराष्ट्रात नाही. म्हणजे ज्या माणसासमोर ठराव मंजूर होतो, तोच उद्या विधानसभेत बसतो. महाराष्ट्रातल्या नगरसेवकाला यासाठी आमदाराच्या घराच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

मागणीला आधारही आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ कामांच्या त्या यादीत तेरावे काम आहे सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना उत्तेजन. गटार आणि दिवाबत्तीच्या शेजारी हे काम लिहिलेले आहे, पण ते सहसा कुणी वाचत नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राने १९५६ साली काढलेले निवेदन आणि १९६१ ची मुख्यमंत्र्यांची परिषद यांतून एक संकेत ठरला. एखाद्या तालुक्यात वा नगरपालिकेत एका भाषेचे लोक १५ टक्के किंवा जास्त असतील, तर महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही निघाव्यात. हा कायदा नव्हे, पण तो सरकारांनी मान्य केलेला शब्द आहे. मागितल्याशिवाय तो पाळला जात नाही, हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक असणार?

मागितल्यावर मिळते, याची उदाहरणे तेलंगणातच आहेत. वेगळ्या राज्याच्या चळवळीत गावोगाव गाणाऱ्या कलावंतांना राज्य झाल्यावर विसरू नका, असा धोशा लागला, आणि सरकारने सांस्कृतिक सारथी ही संस्था काढून सुमारे ५५० कलावंतांना पगारावर घेतले. २०१७ साली उर्दूला साऱ्या राज्यात दुसऱ्या राजभाषेचा दर्जा मिळाला. २०१९ च्या नगरपालिका कायद्याने तर अंदाजपत्रकातले दहा टक्के झाडांसाठी राखून ठेवले. झाडांना कायद्यात टक्का मिळतो, तर गावच्या भजनी मंडळाला आणि नाटकाच्या पडद्याला का मिळू नये? हा प्रश्न भैंशाच्या सभागृहातूनही विचारता येईल आणि बीदरच्याही.

नाट्यगृहाचे म्हणाल तर कोल्हापूरकडे पाहावे. शाहू महाराजांनी उभारलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या होती. नाट्यगृह महापालिकेच्या मालकीचे. कलावंत रस्त्यावर उतरले, शहर एका आवाजात बोलले आणि राज्य सरकारने निधी जाहीर केला. तिथे आग लागावी लागली. भैंशात जळायला नाट्यगृह नाही, म्हणून मागणीला निमित्तही सापडत नाही.

एक उलटी बाजूही सांगितली पाहिजे. मुधोळचा जो भाग नांदेडात राहिला, त्या धर्माबादकडच्या सरपंचांनी २०१८ च्या सुमारास आपली गावे तेलंगणात घालावीत अशी मागणी केली. तिकडे शेतकऱ्याला रोख मदत मिळते, रस्ते बरे आहेत, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे १९५६ च्या रेषेच्या अलीकडचे पलीकडे पाहतात आणि पलीकडचे अलीकडे. दाजींना मी हे सांगितले तर ते हसले. "आम्हाला कुठे जायचे नाही. ज्या सरकारला पैसे भरतो, त्याच सरकारकडे मागायचे आहे."

त्यांनी मग खरोखरच अर्ज केला. गल्लीतल्या एका तरुण शिक्षकाने तो तेलुगूत लिहून दिला, कारण मराठी पुस्तकांसाठीचा अर्जही तेलुगूतच लिहिला पाहिजे हे दाजींना पक्के ठाऊक होते. मागणी फार नव्हती. एक कपाट, दोन मराठी दैनिके, मुलांची शंभरेक पुस्तके. सह्या गोळा करताना दाजी आधी मराठी घरांतच फिरले. मग शेजारच्या किराणा दुकानदाराने, जो घरी उर्दू बोलतो, विचारले की मला का नाही विचारले? त्याने सही केली आणि सांगितले, की त्यात उर्दू मुलांच्या गोष्टींची पुस्तकेही लिहा. दाजींनी अर्ज परत टंकायला दिला. दुसऱ्या प्रतीत दोन कपाटे आहेत, सह्या ६३, त्यातल्या काही तेलुगू लिपीत, काही उर्दूत, काही मराठीत, आणि दोन अंगठे. प्रभागाच्या नगरसेवकाने तो घेतला आणि पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घालतो म्हणून सांगितले.