विज्ञानकथेतील साक्षीदार

विज्ञानकथा कशी लिहावी, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका कसोटीच्या रूपाने दिले जाते: कथेतील विज्ञान काढून घेतले असता कथा कोसळली पाहिजे. कसोटी योग्य आहे. परंतु तिची दुसरी बाजू क्वचितच तपासली जाते. विज्ञान स्वतःच आपले विधान बदलते, तेव्हा त्यावर उभ्या असलेल्या कथेचे काय व्हावे? बुलढाणा जिल्ह्यातील लोणारच्या विवराशी हा प्रश्न अगदी मूर्त होऊन उभा राहतो.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या बेसॉल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झाले. सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली. पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीच्या क्रियेतून झाले असावे, असा समज होता. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मॅस्केलिनाइट ही प्रचंड धक्क्याने बनणारी काच तेथे आढळल्याचे पुढे आले आणि आघाताचा पक्ष बळकट झाला. तापवलेल्या खनिजांतून निघणारा प्रकाश मोजण्याच्या पद्धतीने १९९०च्या दशकात विवराचे वय सुमारे ५२ हजार वर्षे ठरवले गेले.

विवराच्या काठावर उभ्या असलेल्या एखाद्या नवलेखकाला या आकड्याचा मोह पडणे स्वाभाविक आहे. ५२ हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर आधुनिक मानव होता. म्हणजे कथेला साक्षीदार मिळाला. अश्मयुगातील एखादी स्त्री आकाश कोसळताना पाहते. तिचा भयचकित उद्गार पिढ्यान्‌पिढ्या झिरपत लवणासुराच्या आख्यायिकेत उतरतो. गावातील दैत्यसूदन मंदिर विष्णूच्या त्या असुरवधाशी निगडित आहे. सरोवराचे पाणी हे असुराचे रक्त आणि त्यातील क्षार हे त्याचे मांस, असे आख्यायिका सांगते. जून २०२० मध्ये पाणी खरोखरच गुलाबी झाले. वाढलेल्या क्षारतेत फोफावणारे लवणप्रिय सूक्ष्मजीव हे त्याचे कारण होते. नवलेखकाला कथेचा शेवटही असा आयता मिळतो.

मात्र २०११ साली प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-समस्थानिकांवर आधारित कालमापनाने विवराचे वय सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे दिले. त्यातील अनिश्चिततेची मर्यादा ४७ हजार वर्षांची आहे. म्हणजे नव्या मापनातील संभाव्य चूकच जवळजवळ जुन्या वयाएवढी! आधुनिक मानवाचे ज्ञात असलेले सर्वांत जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. ती स्त्री, तिचा उद्गार, पिढ्यांची स्मृती हे सारे एका आकड्यासरशी नाहीसे होते.

येथे तीन पळवाटा सुचतात. जुनाच आकडा ठेवावा. परग्रहावरून एखादा साक्षीदार आणावा. किंवा लेखन अद्‌भुतकथा म्हणून खपवावे. तिन्हींमध्ये लेखक साक्षीदाराला वाचवतो आणि कथा गमावतो. कारण तथ्य तेथे केवळ नेपथ्य उरते. पात्राच्या नियतीवर त्याची सत्ता चालत नाही. कृष्णविवरानजीक काळ मंदावतो, हे सापेक्षतावादाचे अनुमान विज्ञानकथेला उपयोगी पडते ते त्यातील गणितामुळे नव्हे. दोन माणसांची वये त्यामुळे एकमेकांपासून दुरावू शकतात आणि हा विरह कोणत्याही क्षमायाचनेने भरून येत नाही, म्हणून ते उपयोगी पडते.

जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली; स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटून हे नाव घडले होते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. खगोलशास्त्रज्ञाच्या कीर्तीचा अधिकार त्यांनी कथेबाहेर ठेवला होता. नवलेखकाजवळ तसा अधिकार नसतो. म्हणून तो पुष्कळदा माहितीच्या ओझ्याने तो उसना आणतो. प्राध्यापक पात्राच्या तोंडी दोन पाने व्याख्यान येते आणि कथा त्याच जागी थांबते. विज्ञानाचा अधिकार संहितेत सिद्ध व्हावा लागतो, आणि तो पात्राला काय गमवावे लागले यावरूनच सिद्ध होतो.

लोणारच्या कथेत गमावलेली गोष्ट कोणती? नव्या वयाने आख्यायिकेचा प्रत्यक्षदर्शीपणा हिरावून घेतला; परंतु तिचे मोल त्यामुळे उणावत नाही. ती रचणाऱ्या अनाम माणसाने आकाश कोसळताना पाहिले नव्हते. त्याच्यापुढे होता एक अतर्क्य खड्डा आणि खारे पाणी. त्या खुणांवरून त्याने घटना कल्पिली. भूवैज्ञानिकाने काचेच्या कणावरून तेच केले, मात्र आपले अनुमान खोटे ठरण्याची वाट मोकळी ठेवून. विज्ञानकथाकाराची जागा या दोघांच्या मध्ये आहे. साक्षीदाराची भूमिका त्याच्या वाट्याची नाही; खुणा वाचणे हेच त्याचे काम.

म्हणूनच नवलेखकाने हस्तलिखित फाडण्याचे कारण नाही. त्यातील अश्मयुगीन स्त्री मात्र त्याने जाऊ द्यावी. तिच्या जागी आयुष्यभर वर्गात ५२ हजार वर्षे असे शिकवलेला, आणि निवृत्तीच्या सुमारास नवा आकडा वाचून विवराच्या काठावर आलेला गावचा शिक्षक बसू शकेल. समोरचा खड्डा कालच्याएवढाच आहे. त्यामागचा काळ मात्र एकाएकी दहापटींहून अधिक खोल झाला आहे. आता आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना त्याने काय सांगावे? कथा तेथून सुरू होते.