कर्णधाराचा गुडघा

गुडघा हा अवयव आपल्या भाषेने फारसा मनावर घेतलेला नाही. नाक, कान, डोळे, पोट यांच्यावर वाक्प्रचारांची रास पडलेली आहे. गुडघ्याच्या वाट्याला आले ते एक गुडघ्याला बांधलेले बाशिंग आणि दुसरे शत्रूपुढे गुडघे टेकणे. एकात चेष्टा, दुसऱ्यात नामुष्की! मी वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. पण गुडघा ही काय चीज आहे, हे मला कोणत्याही शब्दकोशाने शिकवले नाही. ते शिकवले २०२४ सालच्या कबड्डीच्या हंगामाने.

आमची वारूळवाडी नारायणगावाला इतकी खेटून आहे, की एक गाव कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले, हे पाहुण्याच्या ध्यानात येत नाही. टोमॅटो, द्राक्षे आणि तमाशाचे फड यांसाठी हा मुलूख प्रसिद्ध. पण संध्याकाळी कुठल्याही मैदानाजवळून जा, 'कबड्डी, कबड्डी' हा घोष कानी पडल्यावाचून राहत नाही. प्रो कबड्डीचे सामने सुरू झाले, की रात्रीची जेवणे दूरदर्शन संचासमोर होतात, आणि 'पुणेरी पलटण' हरली तर आमटीत मीठ कमी पडल्याची तक्रार निघते.

त्याआधीच्या दहाव्या हंगामात तक्रारीला जागाच नव्हती. साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सुटले, हरले अवघे २. मग १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय, आणि पलटणीच्या हाती पहिलेच विजेतेपद! कर्णधार होता अस्लम इनामदार. अहिल्यानगर जिल्ह्यातला मुलगा. म्हणजे आमच्या शेजारचाच. २०२३ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत सोने जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता.

अकरावा हंगाम ऑक्टोबरात सुरू झाला. पहिल्याच सामन्यात पलटणीने हरियाणाला पुन्हा लोळवले. घरात उत्साह असा, की मुलाने सामन्यांचे वेळापत्रक देवघराशेजारी चिकटवले. आणि नोव्हेंबरात बातमी आली : अस्लमचा गुडघा दुखावला, उरलेला हंगाम तो खेळणार नाही.

"एक माणूस गेला म्हणून संघ बुडतो होय?" आमच्या मंडळींनी विचारले. प्रश्न साधा, पण उत्तर सोपे नव्हते. सात जणांतला एक गेला तर सहा उरतात, त्यात आठवा घातला की पुन्हा सात. गणित बरोबर येते. पण कबड्डीत हे गणित चालत नाही. अस्लम चढाई करतो आणि प्रतिपक्षाचा गडी आला की पकडीलाही उभा राहतो. म्हणजे माणूस एक जातो आणि भोके दोन पडतात. पकड ही एकट्याची नसते. एकाने पाय धरायचा आणि त्याच श्वासाला शेजाऱ्याने अंगावर झेपावायचे. हा श्वास जुळायला महिनेच्या महिने जातात. नवा गडी ताकदीने कमी नसेल, पण तो अर्धा क्षण उशिरा पोचतो, आणि तेवढ्यात चढाई करणारा रेषेला हात लावून मोकळा होतो.

चढायांचेही तेच. कर्णधाराच्या वाट्याच्या चढाया पंकज मोहिते, आकाश शिंदे यांच्या अंगावर आल्या. दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, नाहीतर बाद व्हायचे, असा नियम आहे. अशा वेळी कुणाला पाठवायचे, हे ठरवणारा आणि पुष्कळदा स्वतःच जाणारा माणूस बाकावर बसलेला! तेच तेच गडी वारंवार आले, की समोरचे त्यांच्या पावलांची चाल ओळखू लागतात. दुखणे एकाच्या गुडघ्यात, लंगडतात सगळेच.

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम १६२ सामन्यांचा असतो. तिथे जायबंदी खेळाडूंची वेगळी यादीच ठेवतात. त्यात महिनाभर राहून आलेल्या माणसालाही पुढे शंभर सामने मिळू शकतात. २०२४ च्या त्या हंगामात आमच्या कबड्डीचे २२ सामने दहा आठवड्यांत आटोपले. गुडघा मोठा दुखावला तर बरा व्हायला सहा-नऊ महिनेही लागतात. गुडघ्याला हंगामाची घाई कळत नाही.

तरी सगळे खापर त्या एका गुडघ्यावर फोडणे मला न्यायाचे वाटत नाही. मोहम्मदरेझा शादलूई हा इराणी पकडवीर दहाव्या हंगामात पलटणीकडे होता. अकराव्यात तो हरियाणाकडे गेला. भिंत आधीच खचली होती, त्यात तुळई गेली. पलटण आठव्या क्रमांकावर राहिली. आणि दैवाची थट्टा अशी, की २९ डिसेंबरचा अंतिम सामना झाला पुण्यात, बालेवाडीला. पाटण्याला हरवून चषक उचलला तो हरियाणाने, आणि आम्ही यजमान पंगतीत वाढायला उभे!

एकाच्या दुखण्यात दुसऱ्याचे दार उघडते, हेही खरे. पालघरचा शार्दूल ठाकूर २०१८ मध्ये हैदराबादला पहिली कसोटी खेळला, अवघे दहा चेंडू टाकले आणि जांघ दुखावून बाहेर गेला. दुसरी कसोटी मिळाली ती जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. कारण बुमराह, अश्विन, जडेजा सारेच जायबंदी झाले होते. त्याने ७ बळी घेतले, ६७ धावा काढल्या आणि भारताने ती कसोटी जिंकली.

पण त्यासाठी राखीव माणूस लागतो, आणि दुखऱ्याला सांभाळणारे कुणी लागते. आमच्या नारायणगावच्या विठाबाईंची गोष्ट इथे म्हातारी माणसे अजून सांगतात. तमाशा रंगात आला असता त्यांना कळा सुरू झाल्या. पडद्यामागे बाळंत होऊन, दगडाने नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ऐकणारे टाळ्या वाजवतात. मला मात्र ती गोष्ट ऐकताना फडाचा हंगाम दिसतो. यात्रांच्या सुपाऱ्या घेतलेल्या, पोटे फडावर चाललेली, आणि विठाबाईंच्या जागी उभी करायला दुसरी विठाबाई नाही.

आमच्या कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याचा गुडघा गेल्या वर्षी गावच्या सामन्यात गेला. उत्तम चढाई करायचा. निवड चाचणी महिन्यावर आली होती. अस्लमच्या मागे डॉक्टर होते, व्यायाम करवून घेणारे होते, संघ होता. ह्याच्या मागे वडिलांची दीड एकर टोमॅटोची शेती, आणि त्या साली टोमॅटोला भाव नव्हता. मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढली, तेव्हा कुठे पुण्याला शस्त्रक्रिया झाली. चाचणी अर्थातच हुकली.

परवा तो बाजारात भेटला. व्यापाऱ्याकडे क्रेट मोजायचे काम करतो. मी विचारले, "अरे, खेळाचे काय?"

"डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर पळून बघ, सर."

"आणि संघात तुझ्या जागी कोण?"

त्याने आपल्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेल्या एका मुलाचे नाव सांगितले. "त्याच्याकडे मॅटचे बूट नव्हते, सर. माझे दिले. एक नंबर मोठे होतात त्याला. आत दोन मोजे घालतो तो."