दहात तीन

मराठी मध्यमवर्गीय माणूस जगात कुठेही गेला तरी दोन गोष्टी बरोबर नेतो : लोणच्याची बरणी आणि टक्केवारी. बरणी एखादे वेळी विमानतळावर काढून घेतात. टक्केवारीला मात्र जगातला कुठलाही कस्टम्सवाला अडवत नाही.

आमची टक्केवारी न्यू जर्सीत येऊन चांगली पंधरा वर्षं झाली होती आणि तिचं तिथे उत्तम बस्तान बसलं होतं. निखिल शंभरात त्र्याण्णव मार्क घेऊन आला की आमचे ‘हे’ चष्म्यावरून बघत विचारायचे, “उरलेले सात कुठे गेले?” जणू काही पोरगं ते शाळेच्या बसमध्ये विसरून आलं आहे!

अशा घरात बेसबॉल शिरावा हे आक्रीतच. कारण हा खेळ मुळात नापासांचा आहे. दहा वेळा बॅट घेऊन उभा राहिलेला गडी त्यातल्या तीन वेळा नीट फटका मारून बेसवर पोचला, की त्याला उत्तम फलंदाज म्हणतात आणि लाखो डॉलर मोजतात. उरलेल्या सात वेळा तो मान खाली घालून परत आलेला असतो. आमच्याकडे पस्तीसला पास. हा गृहस्थ तिसांत कोट्यधीश! शिवाय मैदानावरच्या मोठ्या फळ्यावर धावा आणि फटके यांच्याशेजारी तिसरा रकाना असतो, तो चुकांचा. कोणी झेल सोडला, कोणी चेंडू भलतीकडे फेकला, की पन्नास हजार लोकांदेखत तिथे आकडा चढतो. आणि कोणी रागावत नाही! आमच्या स्वयंपाकघरात असा फळा लावला असता तर मी त्याच दिवशी परतीचं तिकीट काढलं असतं.

हा खेळ घरात आणला निखिलने. ह्यांनी आधी नाक मुरडलं. “अर्धं मैदान चोरीला गेलेलं क्रिकेट,” असं त्यांचं मत होतं. पण त्या काळी तिथे टीव्हीवर क्रिकेट सहजासहजी दिसत नसे, आणि बेसबॉल एप्रिल ते सप्टेंबर जवळजवळ रोज. एकेक संघ एका मोसमात १६२ सामने खेळतो. एवढं सातत्य मी फक्त पुण्याच्या आमच्या दूधवाल्यात पाहिलं आहे. तेव्हा रोज बघता बघता ह्यांचा विरोध मावळला आणि सवयीप्रमाणे ते थेट तज्ज्ञ झाले.

१९९८ च्या मे महिन्यात माझे सासरे, अण्णा, सहा महिन्यांसाठी आले. सरकारी हिशेबखात्यात जन्म काढलेला माणूस. १९७१ साली गावसकरांनी वेस्ट इंडीजमध्ये केलेल्या ७७४ धावा त्यांच्या लाल बांधणीच्या वहीत डावागणिक उतरवलेल्या होत्या. निखिल तेव्हा अकरा वर्षांचा. त्याला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. अण्णांना इंग्रजी यायचं, पण ते दप्तरातलं. ‘विदित व्हावे’ या थाटाचं. त्यामुळे आजोबा आणि नातू एकमेकांकडे पाहून फार प्रेमाने हसायचे आणि मग दोघेही मला हाक मारायचे.

जूनमध्ये निखिलच्या लिटल लीगचा शेवटचा सामना झाला. तिन्ही बेसवर आपले गडी, दोन बाद, आणि निखिल बॅटिंगला. गल्लीतल्या पोराला याहून मोठा दिवस तो कोणता? त्याने तीन वेळा बॅट फिरवली आणि तिन्ही वेळा ती फक्त हवेला लागली. सामना संपला. परत येताना गाडीत ह्यांनी त्या तीन फटक्यांचं शवविच्छेदन केलं. कोपर वर हवं होतं, नजर खाली हवी होती, पाय अमुक हवा होता. निखिल खिडकीबाहेर बघत राहिला. घरी आल्यावर त्याने ग्लव्ह कपाटात टाकला आणि बेसबॉलचं नाव काढलं नाही. बापाशी बोलणं ‘हो’ आणि ‘नाही’ एवढ्यावर आलं.

पंचाईत अशी, की जुलैमधला प्रवास आधीच ठरलेला होता. भाड्याची व्हॅन करून न्यू जर्सी ते सॅन फ्रान्सिस्को. तिकडे माझे धाकटे दीर राहतात. अमेरिकेचा ८० नंबरचा महामार्ग न्यू जर्सीतल्या टीनेकजवळ सुरू होतो आणि तीन हजार मैलांच्या आसपास धावून थेट सॅन फ्रान्सिस्कोला संपतो. वाटेत वाकडी वाट करून बेसबॉलची तीर्थक्षेत्रं करायची, असा ह्यांचा बेत होता. मी तिखटमिठाच्या पुऱ्या, भडंग, दशम्या, लोणचं आणि भाताचा विजेचा कुकर भरला. अण्णांनी वही घेतली. निखिलने तोंड वाकडं करून स्वतःला घेतलं.

पहिलं तीर्थ कूपर्सटाउन. इथे बेसबॉलचं मोठं संग्रहालय आहे, १९३९ साली उघडलेलं. कारण काय, तर बरोबर शंभर वर्षांपूर्वी ॲबनर डबलडे नावाच्या माणसाने याच गावात हा खेळ शोधून काढला, असा निर्णय एका समितीने दिला होता. पुढे असं निघालं, की १८३९ साली हे डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते आणि बेसबॉल शोधल्याचं त्यांना स्वतःलाच माहीत नव्हतं. अण्णा समजूतदारपणे म्हणाले, “असू दे. आपल्याकडे नाही का, कुठलंही लेणं दिसलं की पांडवांनी एका रात्रीत कोरलेलं असतं!”

पण तिथेच त्यांना हेन्री चॅडविक भेटले. म्हणजे त्यांची माहिती भेटली. चॅडविक मूळचे इंग्लंडचे, पेशाने वार्ताहर, आणि आधी क्रिकेटचे वृत्तांत लिहिणारे. क्रिकेटच्या धावफलकावरून त्यांनी १८५९ च्या सुमाराला बेसबॉलचा तक्ता बसवला. फलंदाज तीन चेंडू हुकून बाद झाला की तक्त्यात ‘के’ लिहायचं, ही खूणही त्यांचीच. ‘स्ट्रक’ या शब्दातलं हे शेवटचं अक्षर. पहिलं ‘एस’ आधीच दुसऱ्या कामाला लावलेलं होतं.

“म्हणजे हा आपल्याच खात्यातला माणूस!” अण्णा उद्गारले, आणि लाल वहीत नवीन पान उघडलं. पिचर एक नंबर, कॅचर दोन, पहिला बेस तीन, आणि असं करत उजवं टोक नऊ. पण एक शंका राहिली : शॉर्टस्टॉपला सहा नंबर का? “आजोबा, शॉर्टस्टॉप इज् सिक्स. बस्!” निखिल मागच्या सीटवरून म्हणाला. तीन आठवड्यांत त्याच्या तोंडून आलेलं हे सगळ्यांत लांब वाक्य.

शिकागोचं रिगली फील्ड १९१४ सालचं. भिंतीवर हिरवा वेल, आणि फळ्यावरचे आकडे अजून माणसं हातांनी बदलतात. १९८८ पर्यंत इथे दिवेच नव्हते. त्या वर्षी ८ ऑगस्टला रात्रीचा पहिला सामना ठेवला, तर पावसाने मध्येच बंद पडला. “मुहूर्त बघितला नसेल,” अण्णा म्हणाले. तिथे सालासकट भाजलेल्या शेंगा मिळाल्या, तेव्हा ते खेळाच्या पूर्ण प्रेमात पडले. फक्त गूळ न आणल्याची हळहळ तेवढी राहिली. तो उन्हाळा सॅमी सोसा आणि मार्क मॅग्वायर यांच्या होमरनच्या शर्यतीचा होता. सोसाने एकट्या जूनमध्ये २० मारले होते. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र त्याने एकही मारला नाही. अण्णांच्या शेजारी बसून निखिलने ‘के’ कुठे लिहायचा ते बोटाने दाखवलं.

नंतर लागला नेब्रास्का. नेब्रास्का म्हणजे मका. सकाळी मका, दुपारी मका, आणि संध्याकाळी मक्यामागे सूर्यास्त. अशा प्रदेशात माणूस एकतर झोपतो किंवा खरं बोलतो.

निखिल अण्णांना टेड विल्यम्सची गोष्ट सांगत होता. अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत. १९४१ चा मोसम, शेवटचा दिवस. विल्यम्सची सरासरी हजारात ३९९ आणि वर थोडी, म्हणजे धरून चालले तर ४००. नुसता बसून राहिला असता तरी विक्रम पदरात होता. तो बसला नाही. दोन्ही सामने खेळला, आठांत सहा फटके मारले आणि ४०६ वर थांबला.

“छान,” अण्णा म्हणाले. “आता आमची ऐक. १९४८, ओव्हल. ब्रॅडमनचा शेवटचा डाव. फक्त चार धावा हव्या होत्या, की जन्माची सरासरी पुरी शंभर. आणि हॉलीजच्या दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा! शून्य. सरासरी राहिली ९९.९४.”

निखिल गप्प झाला. मग त्याने विचारलं, “आजोबा, लोक रागावले त्याच्यावर?”

“रागावतील कशाला? अरे, शंभर झाली असती तर नमस्कार करून विसरले असते. त्या शून्यामुळे तो आपल्यातला वाटतो.” अण्णांनी चष्मा पुसला. “आणि चाराचं काय घेऊन बसलास? तुझ्या बाबाचा गणितातला पास एका मार्काने हुकला होता. अकरावीला चौतीस.”

व्हॅन किंचित डावीकडे झुकली.

“अण्णा, ती सहामाही होती!” हे ओरडले.

“सहामाही होती,” अण्णांनी शांतपणे मान्य केलं. “पण चौतीसच होते.”

निखिल हसायला लागला. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून. धाकटीला काहीच कळलं नव्हतं, तीही हसली. मी हसले नाही, असं ह्यांना सांगितलं.

पुढच्या विश्रांतिस्थळी ह्यांनी काही न बोलता डिकी उघडली, कुकर बाजूला केला आणि त्याखालून दोन ग्लव्ह काढले. एक स्वतःचा, एक निखिलचा, कपाटातून गुपचूप उचललेला. बापलेक गवतात जाऊन चेंडू फेकत राहिले. कोपराबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ह्यांचा एक चेंडू सरळ मक्यात गेला, तेव्हा अण्णांनी बाकावरूनच चुकांच्या रकान्यात एकाची नोंद केली.

पुढे डेन्व्हर पाहिलं. तिथल्या मैदानात वरच्या मजल्यावर एक रांग जांभळी आहे, ती समुद्रसपाटीपासून नेमकी एक मैल उंच. विरळ हवेत चेंडू फार लांब जातो, म्हणून २००२ पासून तिथे चेंडू दमट खोलीत ठेवतात. आपण कणीक ओल्या फडक्याखाली ठेवतो, तसे. सॅन फ्रान्सिस्कोच्या मैदानात जुलै महिन्यात कानटोपी घालून बसलो. पण खरं सांगायचं तर आमचा प्रवास नेब्रास्कातच पोचला होता.

त्या उन्हाळ्याच्या विक्रमांवर पुढे डाग पडला. सत्तर होमरन मारणाऱ्या मॅग्वायरने २०१० साली ताकदीची औषधं घेतल्याचं कबूल केलं. निखिलने मला फोन केला तेव्हा तो चिडलेला नव्हता. “आई, त्याने चुकांचा रकाना लपवला,” एवढंच म्हणाला.

अण्णा २००९ साली गेले. लाल वही निखिलकडे आहे. त्यात एक पान जून १९९८ चं आहे. तेव्हा अण्णांना बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं, तरी त्यांनी लिटल लीगचा तो सामना आपल्या पद्धतीने टिपून ठेवला होता. ‘के’ त्यांनी नंतर, वेगळ्या शाईने भरला असावा. शेवटच्या ओळीत निखिलचं नाव, पुढे ‘के’, आणि शेरा म्हणून हिशेबखात्याच्या बारीक अक्षरात : ‘तिन्ही वेळा बॅट फिरवली. उभा राहून बघत बसला नाही.’